गैरहजर मशीनची ओळ: ४१ संगणकांच्या डिस्कचा हिशोब

३१ मार्च २०२३, शुक्रवार. संध्याकाळी पावणेआठला एका शाखेतून फोन आला. "मॅडम, डे-एंड होईना झालंय. व्याज आकारणी निम्म्यात थांबली, आता तर प्रोग्रॅम उघडतच नाही." डे-एंड म्हणजे दिवसभराचा हिशोब बंद करणं. मार्चअखेरची रात्र म्हणजे पतसंस्थेत लग्नघराइतकी धांदल. ठेवींवरचं व्याज, कर्जाची येणी, थकबाकीची यादी, सगळं त्या रात्री मिटवायचं आणि मग नवं आर्थिक वर्ष उघडायचं. शाखाधिकारी, कॅशियर, दोन लेखनिक आणि शिपाई मामा असे पाच जण काम अडल्यामुळे बसून होते.

मी घरूनच रिमोटने त्या शाखेच्या सर्व्हरवर शिरले आणि सी ड्राइव्ह पाहिला. एकूण २२३ जीबी, मोकळी जागा शून्य बाइट.

मी सातारा-सांगली पट्ट्यातल्या एका पतसंस्थेचे संगणक सांभाळते. मुख्य कार्यालय आणि आठ शाखा मिळून ४१ संगणक. सगळ्या मशीनची खाती एका ठिकाणून सांभाळणारं डोमेन नाही, आयटी विभाग नाही, शाखा व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी वाटेने, मुख्य कार्यालयाला जोडलेल्या, काही ठिकाणी इंटरनेट जेमतेम ४ एमबीपीएसचं. अशी कामं करणारी माणसं आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला आहेत, म्हणून हे प्रकरण चुकांसकट लिहून ठेवते आहे.

त्या रात्री आधी जागा कशाने खाल्ली ते मोजलं. विंडोज, प्रोग्रॅम आणि बाकीचं सटरफटर मिळून ६० जीबी. शाखेचा खरा डेटा अवघा ४ जीबी. त्याची लॉग फाइल, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींची फाइल, ४६ जीबी. आणि उरलेल्या ११३ जीबीत बॅकअपच्या २९ फाइली, प्रत्येकी साधारण ३.९ जीबीच्या. सर्वांत जुनी फाइल २ मार्चची होती. म्हणजे २ मार्चपासून रोज रात्री बॅकअप सी ड्राइव्हवरच पडत होता. तोवर तो यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर जायचा. ती डिस्क कोणीतरी काढली होती आणि हिशोबाच्या सॉफ्टवेअरला नेहमीचा मार्ग सापडला नाही, की ते न विचारता आपल्याच फोल्डरमध्ये बॅकअप ठेवतं. बॅकअप 'यशस्वी' झाल्याचा संदेश रोज येत होता.

लॉग फाइलची गोष्ट वेगळी आहे. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची मोफत आवृत्ती) होता आणि त्याचं रिकव्हरी मॉडेल, म्हणजे लॉग कसा जपायचा ते सेटिंग, 'फुल' होतं. या मॉडेलमध्ये पहिला पूर्ण बॅकअप झाला, की तिथून पुढे प्रत्येक व्यवहाराची नोंद लॉगमध्ये साठत जाते आणि लॉगचा स्वतंत्र बॅकअप घेतल्याशिवाय ती जागा पुन्हा वापरात येत नाही. रोजचा पूर्ण बॅकअप लॉग रिकामा करत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात. त्यात एक्स्प्रेस आवृत्तीला वेळापत्रकाचं स्वतःचं साधन नसतं, त्यामुळे लॉगचा बॅकअप कोणी मुद्दाम लावला नसेल तर तो होतच नाही. ४ जीबीच्या डेटामागे ४६ जीबीचा लॉग असा साठला होता. "लॉगची फाइल उडवून टाका," असा सल्ला त्या रात्री फोनवर एकाने दिला. तो ऐकला नाही हे बरं झालं. ती फाइल डेटाबेसचाच भाग असते. ती उडवली की अर्धवट राहिलेले व्यवहार पूर्ववत करायला काही उरत नाही आणि डेटाबेस उघडेल याचीही खात्री नाही.

४ एमबीपीएसच्या लाइनवरून ३.९ जीबीची एक फाइल मुख्य कार्यालयात आणायला दोन तासांहून जास्त लागले असते. म्हणून शाखाधिकाऱ्यांना ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह लावायला सांगितलं आणि जुन्या दहा फाइली त्यावर हलवल्या. सव्वा तास गेला. ३९ जीबी मोकळे झाले, डेटाबेसची सेवा पुन्हा सुरू केली, आकारणी पहिल्यापासून चालवली. पावणेअकराला डे-एंड झालं. मामांनी तोवर दोनदा चहा केला होता.

त्या सर्व्हरला मॉनिटरच नव्हता. तिजोरीच्या खोलीशेजारी कोपऱ्यात तो एकटा चालू असायचा. महिनाभर रोज पावणेचार जीबीहून जास्त जागा जात होती आणि ते बघणारं कोणी नव्हतं. रोज ४१ मशीन उघडून बघणं एका माणसाला शक्य नाही. हे काम आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहायचं तेव्हा ठरलं.

पहिली स्क्रिप्ट, आणि तिचं गोड खोटं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पॉवरशेल या विंडोजच्या कमांडच्या भाषेत वीसेक ओळी लिहिल्या. एका साध्या मजकूर फाइलीत ४१ मशीनची नावं. स्क्रिप्ट एकेक नाव घेई, त्या मशीनला डब्ल्यूएमआयमार्फत (मशीनची माहिती दुरून विचारायची विंडोजची सोय) 'लॉजिकल डिस्क' विचारी, त्यातून प्रकार ३ म्हणजे स्थानिक डिस्क तेवढ्या घेई, एकूण आणि मोकळी जागा बाइटमध्ये मिळाली की १,०७,३७,४१,८२४ ने भागून जीबी काढी आणि सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या, फाइलीत ओळ लिही. प्रकार २ म्हणजे पेन ड्राइव्हसारख्या काढता येणाऱ्या वस्तू, ४ म्हणजे नेटवर्कवरून जोडलेले ड्राइव्ह, ५ म्हणजे सीडी. ते गाळले. प्रकार ४ गाळला नाही तर मुख्य कार्यालयाची एकच डिस्क दहा मशीनच्या नावावर दहा वेळा दिसू शकते.

(त्या भागाकाराबद्दल मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १,०७,३७,४१,८२४ धरतं. म्हणून '५०० जीबी'ची डिस्क ४६५ दिसते आणि '२४० जीबी'ची २२३. दुकानदाराने कमी माल दिलेला नसतो.)

पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवली तेव्हा पडदा लाल एरर ओळींनी भरला. काही मशीन बंद होती, काहींनी नकार दिला. अहवाल नीटनेटका हवा म्हणून मी एरर दाबून टाकणारा पर्याय लावला: जिथे अडेल तिथे गप्प राहून पुढे जा. लाल ओळी गेल्या. छान तक्ता तयार झाला. दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा असेल तर ओळ लाल, नाहीतर हिरवी. तो रोज सकाळी व्यवस्थापक साहेबांना ईमेलने जाऊ लागला. तीन महिने मी निर्धास्त होते.

जुलैत दुसऱ्या एका शाखेतल्या कर्ज विभागाचं मशीन भरून बंद पडलं. त्या सकाळचा अहवाल उघडला. सगळं हिरवं. त्या मशीनची ओळ शोधू लागले, तर ओळच नव्हती. एप्रिलपासूनचे सगळे अहवाल काढले. त्या मशीनचं नाव एकाही दिवशी नव्हतं. मग मी मोजलं. यादीत ४१ नावं आणि तक्त्यात ३३ मशीन. आठ मशीन पहिल्या दिवसापासून बोललीच नव्हती आणि मला ते कळू नये याची सोय मी स्वतःच्या हाताने केली होती.

शाळेत हजेरी घेताना बाई गैरहजर मुलाचं नाव पटावरून खोडत नाहीत. त्याच्या नावापुढे 'गै' लिहितात. माझी स्क्रिप्ट हजर मुलांचीच नावं लिहून पट पूर्ण झाला म्हणत होती.

घाईघाईने दुरुस्ती करायला गेले आणि याहून वाईट चूक केली. एरर आली तर ती पकडायची आणि पुढच्या मशीनकडे जायचं, अशी रचना घातली, पण पकडल्यावर करायचं काहीच लिहिलं नाही. दोन दिवसांनी तक्त्यात दोन शेजारच्या मशीनची मोकळी जागा अगदी बाइटपर्यंत सारखी दिसली. दोन वेगळ्या संगणकांवर असं होणं जवळपास अशक्य. कारण शोधलं ते असं: विचारणा मध्येच तुटली तर चलात (आकडा तात्पुरता ठेवायच्या जागेत) नवी किंमत भरलीच जात नाही, आधीच्या मशीनची तशीच राहते. त्यामुळे बंद मशीनच्या नावापुढे शेजारच्याचा आकडा छापला जात होता. ओळ गायब होण्यापेक्षा हे जास्त घातक, कारण इथे अहवाल उत्तर आल्याचं सांगतो. तेव्हापासून प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला चल रिकामं करायचं आणि प्रत्येक नावासाठी ओळ लिहायचीच, हे दोन नियम मी मोडलेले नाहीत.

ती आठ मशीन का बोलत नव्हती

कारणं एकच नव्हती. तीन मशीनवर फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणारी भिंत, आडवी येत होती. डब्ल्यूएमआयची जुनी पद्धत आधी १३५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, बोलते आणि मग ४९१५२ ते ६५५३५ मधलं कुठलंही एक पोर्ट ठरवून तिथे जाते. एवढी मोठी खिडकी शाखेच्या राउटरवर कोणी उघडी ठेवत नाही आणि ठेवूही नये. चार मशीन 'परवानगी नाही' म्हणत होती. तिथे प्रशासक खात्याचा पासवर्ड बरोबर होता, तरीही. डोमेन नसलेल्या विंडोजमध्ये, मूळ 'ॲडमिनिस्ट्रेटर' सोडून दुसऱ्या कुठल्याही स्थानिक प्रशासक खात्याने नेटवर्कवरून प्रवेश केला, तर त्याचे प्रशासकाचे अधिकार वाटेतच काढून घेतले जातात. ही सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलेली व्यवस्था आहे. आठवं मशीन खरोखर बंद होतं, आणि तेही मला पिंगवरून (मशीन जागं आहे का विचारणाऱ्या हाकेवरून) आधी कळलं नाही. पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे मशीन बंद, असं मी धरून चालले होते. चालू असलेली दोन मशीन पिंगला उत्तर देत नव्हती, कारण विंडोजच्या फायरवॉलने पिंगच अडवलं होतं.

यावर एक सोपा तोडगा होता. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, एक किंमत बदलली की अधिकार काढून घेणं थांबतं. ४१ मशीनवर ती बदलायची, एकच प्रशासक खातं, एकच पासवर्ड, फायरवॉलमध्ये वाट. एका दिवसाचं काम. मी दोन मशीनवर करूनही पाहिलं.

त्या रात्री मात्र मन लागेना. पतसंस्थेत लोकांचे पैसे आहेत. पिग्मी एजंट दारोदार फिरून रोज पन्नास-शंभर रुपये गोळा करतो, ती रक्कम या मशीनवर नोंदली जाते. सगळीकडे एकच प्रशासक पासवर्ड आणि नेटवर्कवरून पूर्ण अधिकार, म्हणजे एका शाखेत कोणी चुकीची ईमेल उघडली तर ४१ दारं एका किल्लीने उघडतात. डिस्कची मोकळी जागा कळावी म्हणून एवढी किंमत द्यायची नाही, असं ठरवलं. दोन्ही मशीनवरचे बदल दुसऱ्या दिवशी मागे घेतले.

मग दिशाच उलटी केली. मुख्य कार्यालयाने प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारायचं, त्याऐवजी प्रत्येक मशीनने स्वतःची डिस्क स्वतः बघून मुख्य कार्यालयात चिठ्ठी, म्हणजे एक छोटी फाइल, टाकायची. स्वतःच्या मशीनची मोकळी जागा वाचायला प्रशासक असावं लागत नाही. प्रत्येक मशीनवर एक साधं, मर्यादित अधिकारांचं खातं केलं. त्याच नावाचं आणि पासवर्डचं खातं मुख्य कार्यालयातल्या मशीनवरही केलं, म्हणजे डोमेन नसलेल्या वर्कग्रुपमध्येही ओळख पटते. तिथल्या एका सामायिक फोल्डरमध्ये या खात्याला फक्त फाइल लिहिता येते, दुसऱ्यांच्या फाइली वाचता येत नाहीत. ती किल्ली कोणाच्या हाती पडली तरी त्याला मिळतं काय, तर पत्रपेटीत चिठ्ठी टाकण्याचा अधिकार.

टास्क शेड्युलरमध्ये वेळ सव्वादहा आणि साडेचार अशी लावली. वेळ चुकली तर मशीन सुरू झाल्याबरोबर काम करावं, ही खूणही न विसरता केली. शाखांत सकाळी वीज नसली की मशीन अकराला सुरू होतं. दोन मशीनवर अजून विंडोज ७ होतं आणि त्यावर पॉवरशेल २ पेक्षा नवं काही नव्हतं. म्हणून डिस्क विचारायची नवी कमांड न वापरता जुनीच ठेवली, ती दोन्हींकडे चालते. ती दोन मशीन वर्षअखेरीपर्यंत बदलून घेतली. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळत नाहीत. लोकांच्या ठेवी जिथे नोंदल्या जातात तिथे ते असणं मला पटत नव्हतं, आणि डिस्कच्या निमित्ताने मला ते साहेबांपुढे मांडता आलं.

चिठ्ठीत काय लिहायचं

इथे मी बराच वेळ घालवला आणि तो वाया गेला नाही. पहिल्या चिठ्ठ्यांत जागा एमबीमध्ये, स्वल्पविराम घालून छापली होती. आपल्याकडच्या भारतीय सेटिंगवर विंडोज १,२३,४५६ असं लिहितं, आणि स्वल्पविरामानेच रकाने तुटणाऱ्या सीएसव्हीत तो आकडा तीन रकान्यांत फुटतो. काही मशीनवर सेटिंग अमेरिकन होतं, तिथे ४ मार्चचं ३ एप्रिल झालं. आता चिठ्ठीत जागा नुसत्या बाइटमध्ये, एकसंध आकडा, आणि तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. जीबी, टक्के, रंग हे सगळं मुख्य कार्यालयातली स्क्रिप्ट करते.

चिठ्ठीत मशीनचं स्वतःचं घड्याळही येतं आणि ती केव्हा पोहोचली ते मुख्य कार्यालयाच्या घड्याळाने मोजलं जातं. एका कॅशियरचं मशीन १८ मिनिटं मागे आहे हे त्यातून सापडलं. रोख पावतीवरची वेळ त्याच घड्याळाची असते. ते शोधायला मी निघालेच नव्हते, पण सापडलं याचा आनंद झाला.

प्रत्येक डिस्कचं अक्षर, नाव आणि व्हॉल्यूमचा अनुक्रमांकही (फॉरमॅट करताना विंडोज देतं तो क्रमांक) चिठ्ठीत असतो. त्याचं कारण २ मार्चला काढलेली ती बाहेरची डिस्क. यूएसबी हार्ड डिस्क विंडोजला सहसा प्रकार ३ ची, म्हणजे स्थानिक डिस्कच वाटते. त्यामुळे ती तक्त्यात दिसत राहते आणि काढली की नुसती नाहीशी होते. म्हणून मुख्य यादीत मशीनच्या नावापुढे तिथे कोणत्या डिस्क असायलाच हव्यात तेही लिहिलं. ई ड्राइव्ह असायला हवा आणि चिठ्ठीत नाही, तर 'ई गैरहजर'. ई ड्राइव्ह आहे पण अनुक्रमांक दुसरा, तर 'ई बदलला'. ऑगस्टमध्ये एका शाखेत दुसरा प्रकार घडला. बॅकअपच्या डिस्कच्या जागी कोणाची तरी घरची डिस्क फोटो बघायला लावली होती आणि त्या रात्रीचा बॅकअप त्या घरच्या डिस्कवर जाऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते कळलं. ठेवीदारांची सगळी माहिती कोणाच्या घरी जाता जाता राहिली.

दहा टक्क्यांचा नियम

पहिल्या अहवालातली दहा टक्क्यांची सीमा मी बिनविचार घेतली होती. मुख्य कार्यालयातल्या एका ९३१ जीबीच्या डिस्कवर ९० जीबी मोकळे होते. दहा टक्क्यांच्या आत, म्हणून रोज लाल. तिथे दिवसाला २० एमबीसुद्धा वाढ नव्हती. त्या वेगाने ती भरायला बारा वर्षं लागली असती. त्याच वेळी एका शाखेतल्या लेखनिकाच्या १११ जीबीच्या एसएसडीवर १४ जीबी मोकळे, म्हणजे साडेबारा टक्के. रोज हिरवी. पण तिची जागा दिवसाला ९०० एमबीने घटत होती. १६ दिवसांत संपली असती.

रोजच्या चिठ्ठ्या साठायला लागल्यावर हा फरक दिसला. आता मुख्य रकाना 'उरलेले दिवस' हा आहे. गेल्या कामाच्या चौदा दिवसांत दररोज किती जागा गेली ते घेते आणि त्यातली मधली किंमत धरते. सरासरी धरली तर विंडोजचा एखादा मोठा अपडेट आला त्या दिवसामुळे सगळा हिशोब बिघडतो. ३० दिवसांच्या आत आलं की पिवळं, १० च्या आत लाल. शिवाय ५ जीबीच्या खाली काहीही गेलं तर वेग कितीही असो, लाल.

त्या ९०० एमबीचा माग काढायला मी प्रत्यक्ष शाखेत गेले. लेखनिक ताई केवायसीची कागदपत्रं स्कॅन करत होत्या. नवा स्कॅनर आला होता आणि तो ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), रंगीत, बिटमॅप (न आवळलेलं चित्र) अशा सेटिंगवर होता. ए४ आकाराचं एक पान असं स्कॅन केलं की सुमारे १०० एमबीची फाइल होते. दिवसाला नऊ पानं. आधार कार्डाची झेरॉक्स वाचता यायला एवढं काही लागत नाही. २०० डीपीआय आणि जेपेग केल्यावर तेच पान काहीशे केबीत बसलं. "आधीच कोणी सांगितलं असतं तर," ताई म्हणाल्या, "रोज संध्याकाळी मशीन किती रखडायचं." त्यांची काही चूक नव्हती. स्कॅनर बसवणाऱ्याने सेटिंग दाखवलंच नव्हतं.

कोण वाचतं

साहेबांना रोज जाणारा ३३ मशीनचा ईमेल तिसऱ्या आठवड्यापासून कोणी उघडत नव्हतं, हे मला जुलैत कळलं. राग आला नाही. रोज सगळं ठीक असल्याचा तक्ता मीही वाचला नसता. आता अकरा वाजता येणाऱ्या ईमेलच्या विषयातच गोळाबेरीज असते: '४१ पैकी ४१ बोलले, लाल ०'. ठीक असलेल्या ओळी खाली. वर आधी गैरहजर, मग लाल, मग पिवळे. गैरहजर लालच्याही वर ठेवले आहेत. भरत आलेल्या डिस्कबद्दल निदान काहीतरी माहीत असतं. काहीच घडलं नसेल तरी ईमेल येतोच, कारण तो आला नाही तर अहवाल काढणारं मशीनच पडलं आहे हे समजायला दुसरा मार्ग नाही. मुख्य कार्यालयातल्या लेखा विभागाच्या ताई तो बघतात आणि अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत आला नाही तर मला फोन करतात. हे काम त्यांच्याकडे नावानिशी दिलं आहे.

गैरहजेरीची एक अडचण मात्र नंतर कळली. एका शाखेच्या गावची यात्रा होती. शाखा बंद, मशीन बंद, अहवालात चार गैरहजर. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावची यात्रा. असं चार वेळा झालं की 'गैरहजर' शब्दाकडे लक्ष जाणं बंद होतं. म्हणून शाखानिहाय सुट्ट्यांची फाइल केली. त्या दिवशी 'गै' न लिहिता 'रजा' लिहिली जाते. सर्व्हरला मात्र रजा नाही. ते यात्रेला आणि रविवारीही चालू असतात, त्यामुळे ते बोललेच पाहिजेत.

लॉगचं मूळ दुखणंही एव्हाना मिटवलं होतं. 'सिंपल' मॉडेल लावलं असतं तर लॉग वाढलाच नसता, पण मग बिघाड झाल्यावर आदल्या रात्रीपर्यंतचंच परत मिळालं असतं. काउंटरवर दिवसभरात जमा झालेल्या रोख रकमांच्या नोंदी पुन्हा हाताने भरायच्या म्हणजे पावत्यांच्या गठ्ठ्यांशी झुंज. म्हणून 'फुल' तसंच ठेवलं आणि कामाच्या वेळेत दर तासाला लॉगचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर जाईल असं टास्क शेड्युलरनेच लावलं. त्यानंतर एकदाच लॉग फाइल आकसवली. ४६ जीबीची २ जीबी झाली आणि तिथेच स्थिर आहे. बॅकअपच्या फाइली चौदा दिवसांनी आपोआप जातात, पण त्याहून नवी एखादी फाइल खरोखर असेल तरच. बॅकअप बंद पडल्यावर जुने पुसणारी स्क्रिप्ट इमानेइतबारे शेवटचा चांगला बॅकअपही पुसते, म्हणून ती अट.

३१ मार्च २०२४ रविवारी आला. संस्थेने शाखा चालू ठेवल्या. सकाळी अकराचा ईमेल: '४१ पैकी ४० बोलले, लाल ०'. गैरहजर होतं ते गेल्या मार्चला अडलेल्याच शाखेतलं कॅशियरचं मशीन. फोन केला. नेटवर्कची केबल टेबलाखाली पायात अडकून निघाली होती. मामांनी ती लावली, साडेअकराच्या आत चिठ्ठी आली. संध्याकाळी सव्वासातला त्या शाखेचं डे-एंड संपलं.

एक गोष्ट या अहवालाला अजून दिसत नाही. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसच्या २००८ आर२ ते २०२२ या आवृत्त्यांत एका डेटाबेसच्या डेटाला १० जीबीची मर्यादा आहे. लॉग त्यात धरत नाहीत, म्हणूनच ४६ जीबीचा लॉग बिनतक्रार वाढू शकला. डेटा मात्र १० जीबीला टेकला की डिस्कवर शंभर जीबी मोकळे असले तरी नवी नोंद घेणं थांबतं. सर्वांत मोठ्या शाखेचा डेटा आज ७.६ जीबी आहे. चिठ्ठीत डेटा फाइलच्या आकाराचा रकाना गेल्या आठवड्यात घातला. पंधरा दिवसांच्या चिठ्ठ्या जमल्या की उरलेले दिवस काढता येतील, आणि तो आकडा घेऊन सॉफ्टवेअरवाल्यांकडे दिवाळीच्या आत जायचं आहे.